दोघांचे दोन दिवस

लग्नाला बारा-चौदा वर्षे झालेल्या कोणत्याही बाईला विचारून पाहा, "अलीकडे तुम्ही दोघं मिळून कुठं गेला होतात?" ती बोटांवर मोजून सांगेल. धाकट्या दिराच्या लग्नाला, मामेसासऱ्यांच्या तेराव्याला, मुलीचा चष्मा करायला, शेगावला नवस फेडायला. म्हणजे जाणे होते, नाही असे नाही. पण ते कामाने. हातात पिशव्या, मागे पोरे, पर्समध्ये आहेराचे पाकीट आणि डोक्यात परतीच्या एस.टी.ची वेळ. काहीही काम नसताना, नुसते दोघांनीच एखादे गाव पाहायला म्हणून निघावे, हे आपल्याकडे लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात एकदा घडते. पचमढी होते, फोटो निघतात, आणि तो अल्बम कपाटाच्या वरच्या फळीवर जाऊन बसतो तो कायमचाच.

"आता या वयात कसलं फिरणं!" असे आपणच म्हणतो. खरे तर आता जास्त गरज असते. नव्या नवरा-बायकोला कुठेही बोलायला विषय पुरतात. आपल्याला मात्र बोलायला जागाच उरत नाही. दोन-तीन खोल्यांचे घर, एका खोलीत सासूबाई, दुसरीत मुलांचा अभ्यास आणि स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या. दिवसभरात दोघांमध्ये जे बोलणे होते ते गॅसचे, फीचे, किराण्याचे. एकमेकांचे चांगले-वाईट बोलायला लागणारा निवांत तास काही घरात सापडत नाही.

म्हणून या वेळी पदार्थ बाजूला ठेवून मी तुम्हांला एका सहलीचा बेत सांगणार आहे. दोन दिवसांचा, बेताच्या खर्चाचा. गाव लांबचे नाही. इतके जवळचे आहे की आपण सगळ्याच जणी त्याच्या उंबऱ्यावरून कितीदा तरी गेलो आहोत आणि आत पाऊल मात्र टाकलेले नाही. ते गाव म्हणजे अचलपूर.

हसू नका! अमरावतीहून चिखलदऱ्याला जाताना परतवाडा लागते, तिथे गाडी दहा मिनिटे थांबते, आपण चहा पितो आणि पुढे घाटाकडे डोळे लावतो. परतवाड्याला चिकटून उभे असलेले जुने अचलपूर आहे तिथेच राहते. पण हे आपल्या वऱ्हाडच्या राजधानीचे गाव आहे, बरे का! शाळेत आपण पाच शाह्या पाठ केल्या होत्या : निजामशाही, आदिलशाही, कुतुबशाही, बरीदशाही आणि इमादशाही. विजापूरचा गोलघुमट पाहायला लोक शेकडो मैल जातात, गोवळकोंडा पाहतात. आणि पाचवी शाही आपल्या घरची, तिचे गाव अमरावतीहून जेमतेम पन्नास किलोमीटरवर!

जाण्याआधी गावाची थोडी ओळख करून घेऊ. ओळख नसली की जुन्या भिंती म्हणजे नुसते दगड वाटतात.

पहिले नावाचे. एलिचपूर हे इंग्रजांनी बिघडवलेले नाव, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्र नावाचे थोर जैन आचार्य होऊन गेले. त्यांनी प्राकृताचे व्याकरण लिहिले, त्यात या एका गावासाठी खास नियम दिला आहे : अचलपूर शब्दातले 'च' आणि 'ल' बोलताना जागा बदलतात आणि अलचपूर होते. आपण नाही का नुकसानला 'नुसकान' म्हणत, अगदी तसेच. म्हणजे आठ-नऊशे वर्षांपूर्वी या गावची माणसे कशी बोलत, हे दूर गुजरातेतल्या पंडिताला ठाऊक होते. गाव तेव्हाही इतके नावाजलेले होते. त्या अलचपुराचे पुढे एलिचपूर झाले. गावात मात्र ईल नावाच्या राजावरून नाव पडल्याची गोष्ट सांगतात, तीही ऐकायला गोड आहे.

१२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर अचानक चालून गेला तो एलिचपुरावरूनच. रामदेवराव यादवाशी तह झाला तेव्हा त्याने जे जे मागून घेतले, त्यात एलिचपूर प्रांताचे दरसालचे उत्पन्नही होते. पुढे बहमनी राज्य मोडकळीला आले आणि १४९० साली वऱ्हाडचा सुभेदार फत्तेउल्ला इमादउल्मुल्क स्वतंत्र झाला. तीच इमादशाही, आणि अचलपूर तिची राजधानी. हा फत्तेउल्ला मूळचा विजयनगरकडचा कानडी मुलगा. लढाईत लहानपणी पकडला गेला, मुसलमान झाला, वऱ्हाडात वाढला आणि अखेर तिथलाच सुलतान झाला. हे लक्षात ठेवा, दुसऱ्या दिवशी त्याचे काम पडणार आहे.

१५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने इमादशाही गिळली. १५९६ मध्ये चांदबीबीला अहमदनगर वाचवण्यासाठी तहात वऱ्हाड मोगलांना सोडून द्यावे लागले. त्यानंतर निजाम आला, नागपूरकर भोसल्यांशी वसुलाची वाटणी झाली, एलिचपूरचे नवाब झाले. १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि पुढे एलिचपूर हा स्वतंत्र जिल्हा झाला. १९०५ मध्ये तो जिल्हाही मोडला आणि अमरावतीत घातला. राजधानीचा जिल्हा झाला, जिल्ह्याचा तालुका झाला. एके काळी सगळ्या वाड्याच्या किल्ल्यांचा जुडगा जिच्या कमरेला होता, अशी एखादी आजी आता माजघरात शांत बसून असावी, तसे हे गाव आहे. तिच्याजवळ जाऊन बसले तर ती पुष्कळ सांगते.

आता तयारीकडे वळू. सहलीतला अवघड भाग घाटाचा नसतो, घरातून निघण्याचा असतो.

पहिली गोष्ट, घरी सांगायचे कोणी? माझे म्हणणे स्पष्ट आहे : त्यांनी सांगायचे. बाईने विषय काढला की "हिलाच हौस" होते. मुलाने आईला सरळ सांगितले, "आई, आम्ही दोघं शनिवार-रविवार जाऊन येतो, मुलं तुझ्याजवळ राहतील," की तीच गोष्ट साधी होऊन जाते. आमच्याकडे ह्यांनी सांगितले तेव्हा सासूबाई क्षणभर गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "कोणाचं काही बरंवाईट झालं का?" काम नसताना मुलगा-सून दोघेच बाहेर जातात हे त्यांच्या हिशेबात बसेना. त्यात त्यांचा दोष नाही. त्यांच्या सबंध संसारात त्यांना कोणी असे नेलेच नव्हते. म्हणून म्हणते, परत आल्यावर महिन्याभरात त्यांनाही कुठेतरी घेऊन जा. मुक्तागिरी आहे, कौंडण्यपूर आहे. मग पुढच्या वेळी त्याच म्हणतात, "जा गं, मी आहे."

दुसरी गोष्ट, दिवस निवडणे. परीक्षा, सण आणि लग्नसराई टाळा. दिवाळीनंतरचा महिना उत्तम. ऊन मऊ असते आणि वाटेत अंबिया बहाराची संत्री मिळतात. पावसाळ्यात चिखलदरा सुंदर असतो, पण सुट्टीच्या दिवशी तिथे जत्रा भरते.

तिसरी, घरामागची व्यवस्था. दोन दिवसांचा सगळा स्वयंपाक करून ठेवण्याच्या भानगडीत पडू नका. ती आदल्या दिवशीची दमणूक सहलीचा अर्धा आनंद खाते. खिचडीचे डाळ-तांदूळ मोजून डब्यात ठेवा, एक भाजी निवडून-चिरून ठेवा, जवसाची नाहीतर शेंगदाण्याची चटणी कुटून ठेवा, दुधाचा रतीब वाढवून सांगा. सासूबाईंची औषधे एका पाकिटावर वेळ लिहून ठेवा. शेजारच्या वहिनींना किल्ली आणि फोन नंबर. बास. मुले दोन दिवस खिचडी खाऊन रोडावत नाहीत. दिवसातून एकदा, संध्याकाळी, घरी फोन करा. सारखा फोन करणे म्हणजे अंगाने अचलपूर आणि जिवाने स्वयंपाकघर!

चौथी गोष्ट नाजूक आहे. वऱ्हाडात तुम्ही कुठेही जा, तिथे एक आतेसासूबाई राहतच असतात. परतवाड्यातही असतील. त्यांच्याकडे उतरू नका. अहो, त्यांचा जीव चांगला असतो, आग्रह खरा असतो. पण नातेवाइकांकडे उतरले की बाईमाणूस पंधराव्या मिनिटाला ओट्यापाशी उभे असते आणि पुरुषमाणूस दिवाणखान्यात टी.व्ही.समोर. मग सहल कसली? साध्या लॉजवर उतरा. खोली आणि न्हाणीघर आधी पाहून घ्या, दोघांची आधार कार्डे जवळ ठेवा, स्वतःची एक चादर न्या. आणि परतीच्या वाटेवर आतेसासूबाईंकडे पेढ्याचा पुडा घेऊन अर्धा तास बसून या. नातेही राहते आणि सहलही.

पाचवी, पैसा. घरखर्चातून ओढाताण करून जाऊ नये. भिशीचा एखादा नंबर किंवा दोघांनी मिळून चार-सहा महिने बाजूला टाकलेले पैसे पुरतात. २०२३ च्या मार्चपासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट झाले आहे. म्हणजे दोघांना दीडच तिकीट लागते. गाडी भाड्याने करून गेल्यावर नजर सारखी तिच्या घड्याळाकडे असते. एस.टी.त तसे होत नाही, शिवाय शेजारी-शेजारी बसायला मिळते.

बरे, आता निघू या.

अमरावतीहून सकाळच्या गाडीने निघालात की आधी वलगाव लागते. इथेच पेढी नदीच्या पुलावर २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. मनातल्या मनात हात जोडा. पुढे आसेगाव, पूर्णेचा पूल, संत्र्याच्या बागा आणि मग परतवाडा. हे छावणीतून वाढलेले गाव. सागवानाचा मोठा व्यापार इथे चालतो. अकोल्याच्या भगिनींनी अकोट-अंजनगावमार्गे यावे. अंजनगाव सुर्जीला पानमळे आणि पानपिंपरीचे वेल आहेत. शिंद्यांचा इंग्रजांशी ३० डिसेंबर १८०३ ला झालेला तह याच गावाच्या नावाने इतिहासात गेला. पूर्वी मूर्तिजापूरहून अचलपूरला आपली लाडकी शकुंतला गाडी यायची, अडीच फुटी रुळांवरून, मनात आले तर उतरून पुन्हा चढता येईल अशा चालीने. वऱ्हाडचा कापूस बाहेर न्यायला हे रूळ घातले होते. आता ती धावत नाही, पण सासूबाईंच्या पिढीच्या तोंडी तिच्या गोष्टी अजून आहेत.

परतवाड्यात पिशवी ठेवा, तोंड धुवा आणि रिक्षाने अचलपुरात जा. रिक्षा जुन्या वेशीपाशी सोडून द्या. हे गाव पायीच पाहायचे. सापन आणि बिच्छन या दोन नद्यांच्या आसऱ्याने ते वसले आहे. जुने मोहल्ले म्हणजे पुरे : हिरापुरा, बिलनपुरा, सरमसपुरा, बेगमपुरा अशी त्यांची नावे. मध्येच परकोटाचा तुकडा दिसतो, मध्येच दगडी कमान, कमानीखाली सायकल दुरुस्तीचे दुकान. जुनी जामा मशीद आहे, वाड्यांचे कोरीव दरवाजे आहेत. लाकडी खांबांच्या ओसरीवर बाया शेंगा निवडत बसलेल्या असतात. त्यांच्याशी दोन शब्द बोला, त्या वाट तर सांगतातच, वर पाणीही देतात.

बिच्छनच्या काठी शाह अब्दुल रहमान गाजी यांचा दर्गा आहे. लोक त्यांना दुल्हा रहमान म्हणतात, आणि वेशीलाही दुल्हा दरवाजा म्हणतात. दंतकथा अशी की लग्नाच्या मांडवात असतानाच लढाईची बातमी आली आणि हा नवरदेव लग्नाच्या पोशाखातच निघाला, तो इथे येऊन पडला. खरेखोटे करायला जाऊ नये. पण गंमत पाहा : आपल्या मुलखाचे नाव वऱ्हाड, रुक्मिणीचे माहेर म्हणून लग्नाच्या वऱ्हाडाशी आपण ते जोडतो, आणि त्याच मुलखाच्या राजधानीत पूजला जातो तो नवरदेव! दर्ग्यात जाताना चपला बाहेर, डोक्यावर पदर.

दुपारी साधे जेवण, थोडी विश्रांती, आणि उन्हे उतरली की गावाबाहेर हौज कटोरा पाहायला जा. नाव किती सुंदर आहे! गोल हौद आणि त्याच्या मधोमध उभा असलेला अष्टकोनी, कमानीकमानींचा तीन मजली मनोरा. सुलतानी काळातली ही वास्तू आता जुनाट झाली आहे, तरी तिचा डौल गेलेला नाही. पाण्याच्या मधोमध बसून गार वारा घेण्याची कल्पना ज्याला सुचली, त्याने वऱ्हाडचा उन्हाळा चांगलाच सोसला असणार. चढाचढी करू नका, जुने दगड सुटलेले असतात. जवळच बसायला पुष्कळ जागा आहे.

आम्ही गेलो तेव्हा तिथे एक म्हातारे गृहस्थ बकऱ्या घेऊन उभे होते. म्हणाले, "इथं कोनी येत नाही जी. सारे चिखलदऱ्यालेच पयतात." आणि बकऱ्या हाकत निघून गेले. मग खरोखरच कोणी नव्हते. आम्ही दोघे एका दगडावर बसून होतो. बराच वेळ कोणी काही बोलले नाही. सवयच मोडलेली असते ना! मी घरच्या गॅसचा विषय काढणार तेवढ्यात हे म्हणाले, "दोन वर्षांपूर्वी मला बढती आली होती. नागपूरला जावं लागलं असतं."

मला माहीत नव्हते.

"मग?"

"नको म्हणून लिहून दिलं. तुझी शाळा सुटली असती."

माझी शाळा म्हणजे अर्धवेळ शिकवणी. आठवड्याचे मोजके तास, पगार तर सांगण्यासारखाही नाही. पण त्या शाळेसाठी मी किती धडपडते हे ह्यांनी पाहिले होते, आणि काही न बोलता आपली बढती बाजूला ठेवली होती. तुम्हांला वाटेल, मला भरून आले असेल. आलेच. पण त्याआधी, खरे सांगते, मला राग आला. मी म्हटले, "माझ्यासाठी केलंत, मग मलाच का नाही विचारलं? कदाचित मी चला म्हटलं असतं. नागपुरात शाळा नाहीत का?" हे म्हणाले, "विचारणार कुठं होतो? आई आतल्या खोलीत. नागपूर म्हटलं असतं तर तिला वाटलं असतं, आपण तिला सोडून चाललो. आणि तू हो म्हणाली असतीस, तर ते मनापासून की माझ्याकडं पाहून, हे मला कळलं नसतं."

अंधार पडेपर्यंत आम्ही बोललो. भांडलो म्हटले तरी चालेल. बढतीचा कागद काही परत येणार नव्हता, आणि तो परत यावा असे मलाही त्या क्षणी वाटले की नाही, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. पण एक ठरले : यापुढे एकमेकांच्या भल्याचा निर्णय एकट्याने घ्यायचा नाही. घरात जागा नसेल तर गच्चीवर जाऊ, भाजीच्या निमित्ताने कोपऱ्यापर्यंत चालत जाऊ, पण विचारू.

मैत्रिणींनो, हे घरातले सांगण्याचे कारण एवढेच की असे कागद पुष्कळ घरांत असतात. त्यांच्या खिशात एक, आपल्या डब्याच्या तळाशी एक. दोघेही एकमेकांसाठी गप्प राहतात आणि दोघांनाही वाटते की आपले कोणाला काही पडलेले नाही. ते बोलून घ्यायला हौज कटोऱ्यासारखी, कोणी येत नसलेली जागा लागते.

दुसऱ्या दिवशी लवकर उठून चिखलदऱ्याची गाडी धरा. घाट चढत तास-सव्वा तासात वर पोचाल. या वेळी आधी पॉइंट पाहत फिरू नका. सरळ गाविलगडावर जा. किल्ला आता मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येतो, तेव्हा दिवसाउजेडीच जायचे आणि ऊन कलायच्या आत परतायचे. पायात कॅनव्हासचे बूट, अंगात सुती सलवार-कुडता किंवा आटोपशीर नेसलेले सुती पातळ, डोक्याला रुमाल, जवळ दोन बाटल्या पाणी. धूर-जाळ करू नका, मोहोळे असतात. वानरांपुढे पिशवी उघडू नका.

दरवाजांमागून दरवाजे लागतात. त्यांतल्या शार्दूल दरवाजापाशी थांबा आणि मान वर करून पाहा. सिंहासारखे शार्दूल आहेत, आणि दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी, हत्तींना पकडून धरलेला. वऱ्हाडातल्या सुलतानाच्या किल्ल्यावर हा पक्षी कसा? हा तर दक्षिणेकडचा, विजयनगरच्या नाण्यांवरचा! इथे कालचा फत्तेउल्ला आठवा. लहानपणी घर सुटलेला तो कानडी मुलगा. त्याने हा गड डागडुजी करून मजबूत केला, आणि अनेकांना वाटते की या पक्ष्यात त्याच्या जन्मभूमीची आठवण आहे. धर्म बदलला, नाव बदलले, मुलूख बदलला, राज्य मिळाले. तरी दारावर खूण काढताना हात माहेरच्याच नक्षीकडे गेला. आपण बायका हे फार लवकर समजू शकतो. सासरच्या दारात आपणही आईने शिकवलेलीच रांगोळी काढतो.

आत गेलात की दोन तळी, पडक्या मशिदीच्या कमानी, जुन्या तोफा आणि चहूकडे सातपुड्याच्या रांगा दिसतात. याच गडाने १८०३ चा डिसेंबर पाहिला. २९ नोव्हेंबरला तेल्हाऱ्याजवळ आडगावला भोसल्यांचा पराभव झाला आणि इंग्रज सेनापती वेलस्ली आपले जखमी एलिचपुरात ठेवून गडाकडे वळला. १५ डिसेंबरला गड पडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मारला गेला. १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला आणि वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेले. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ साली वॉटर्लूला त्याने नेपोलियनला हरवले. मुलांना इतिहासाच्या पुस्तकात वॉटर्लू आले की सांगा, तो आधी आपल्या परतवाड्याच्या वाटेने गेला होता!

शिदोरीला तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणाची चटणी, गूळ-शेंगदाणे आणि संत्री पुरे होतात. तळ्याकाठी बसून खा, साली पिशवीत घालून परत आणा. गावात आल्यावर चिखलदऱ्याची कॉफी घ्या. आपल्या महाराष्ट्रात कॉफीची झाडे असलेले हे गाव आहे. दुपारची गाडी धरली की दिवेलागणीनंतर घरी. तिसरा दिवस मिळालाच, तर परतवाड्याहून मुक्तागिरीला जा. मध्यप्रदेशच्या हद्दीत, डोंगराच्या कुशीत बावन्न जैन मंदिरे आणि त्यांच्या शेजारी धबधबा आहे.

अकोल्याच्या ज्या भगिनींना रात्र बाहेर काढणे जमणार नाही, त्यांनी मन खट्टू करू नये. एका दिवसात होईल असे तुमच्या दारातही आहे. अकोटकडचा नरनाळा घ्या. तिथला नक्षीदार महाकाली दरवाजा १४८७ सालचा, आपल्या याच फत्तेउल्लाने बांधलेला. किंवा बाळापूर घ्या. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरचा किल्ला १७५७ मध्ये पुरा केला तो एलिचपूरच्याच नवाबाने, इस्माईलखानाने. आणि अमरावतीतल्या ज्या भगिनींना तेवढेही शक्य नसेल, त्यांनी एका रविवारी सकाळी जवाहर गेटपासून परकोटाच्या कडेकडेने दोघांनीच चालत जावे. पेंढाऱ्यांच्या भीतीने १८०७ मध्ये निजामाच्या कारकिर्दीत हा कोट बांधायला घेतला. रोज त्याच्या वेशीतून आपण भाजी आणतो, एक दिवस तो पाहायला म्हणून जाऊ.

निघताना एवढे मात्र करा. कोणासाठी काही आणायची यादी घेऊ नका, मुलांच्या मार्कांचा विषय घरी ठेवून जा, आणि दोघांनीही एकमेकांना एक प्रश्न विचारायचा असे ठरवून जा, जो घरी विचारता आला नाही असा. उत्तर लगेच मिळाले नाही तर घाई करू नका. एस.टी.चा परतीचा प्रवासही असतोच.

बेत आखलात, जाऊन आलात, की मला जरूर लिहा. घरी कोणी काय म्हटले, हेही लिहा. सासूबाईंना कुठे नेलेत ते तर आधी लिहा.